बोल्ट ओढला, काही पडलं नाही

ती रायफल माझ्या बाकावर आली तेव्हा ट्रिगरभोवतीच्या कडीला हिरवी चिठ्ठी बांधलेली होती. आमच्याकडे हिरवी चिठ्ठी म्हणजे काउंटरवर तपासली, रिकामी आहे. मी चिठ्ठी पाहिली, रायफल गादीवर आडवी ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. दस्त्याचा स्क्रू अर्धा फेरा फिरवूनही झाला होता. त्या अर्ध्या फेऱ्यापाशी माझं मन अजून अडकून बसतं.

मी मूळचा गडहिंग्लजचा. आयटीआयला टर्नर झालो, इकडे आल्यावर आधी एका मशीन शॉपमध्ये होतो आणि गेली नऊ वर्षं अमेरिकेत, ओहायोतल्या एका बंदुकांच्या दुकानामागच्या खोलीत दुरुस्तीचं काम करतो. सप्टेंबरात इथे खारींच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. मग वर्षभर कपाटात पडलेल्या पॉइंट टू टू, म्हणजे बारीक गोळीच्या, रायफली एकदम बाहेर निघतात आणि प्रत्येकाला आपली शनिवारच्या आत हवी असते.

ही रूगर टेन-ट्वेंटीटू होती. 1964 साली आलेलं हे मॉडेल आजही निघतं. इथल्या शेतावरच्या घराघरांत ते सापडतं. जुना अक्रोडाचा दस्ता, हात लागून लागून काळपट झालेला. साठी उलटलेल्या एक बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलगा बाराएक वर्षांचा. रायफल बाईंच्या नवऱ्याची, ते तीन वर्षांपूर्वी वारले. आता ती नातवाला शिकायला द्यायची होती. "अडकते. साफ करून द्या," एवढंच त्या म्हणाल्या आणि किराणा घ्यायला गेल्या.

स्क्रू अर्धा फिरवला आणि हात थांबला. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टूच्या फायरिंगला आम्हाला एक हवालदार उस्ताद होते. खोलना-जोडना, फुलत्रू (नळी साफ करायची दोरी), चिंदी (तिला लावायचं फडकं) हे सगळे शब्द मी त्यांच्याकडून शिकलो. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, उघडला की ते प्रत्येकाला चेंबरमध्ये, नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, करंगळी घालायला लावायचे. डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना चालत नसे. ती सवय हाडात गेली आहे. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, तर काढलेलं होतंच. मी बोल्ट मागे ओढून अडकवला, बॅटरी मारली. चेंबर काळं दिसलं. काळं म्हणजे रिकामं, असंच कुणालाही वाटेल. करंगळीचं टोक लावलं तर भोक लागलं नाही. सपाट, थंड धातू लागला.

आत जिवंत काडतूस होतं.

हे कसं होतं ते सांगतो, कारण बंदूक बाळगणाऱ्या दहांतल्या आठ लोकांना ते ठाऊक नसतं असं माझं मत झालं आहे. या रायफलीत बोल्टला कुलूप नसतं. गोळी सुटली की धक्क्याने तो स्वतःच मागे जातो, टरफल फेकतो आणि स्प्रिंगने पुढे येताना नवीन काडतूस घेऊन येतो. बोल्टच्या तोंडाशी एक बारीकशी आकडी असते. काडतुसाच्या काठाला धरून बाहेर ओढायचं काम तिचं. त्या आकडीखाली मळाचा थर बसला तर तिला काठ पकडता येत नाही. बोल्ट रिकाम्या हाताने मागे येतो आणि काडतूस चेंबरमध्ये तसंच राहतं. चेंबरही मळलेलं असेल तर ते तिथे घट्ट चिकटतं, पितळ काळं पडतं, आणि वरून पाहणाऱ्याला आतला काळोखच दिसतो.

त्यात ही रायफल शेवटची गोळी उडाल्यावर बोल्ट उघडा ठेवत नाही. भरलेली असो, रिकामी असो, बाहेरून सारखीच दिसते. दहा गोळ्यांचं मॅगझिनही दस्त्यात सपाट बसतं. म्हणून लोक मॅगझिन काढतात, बोल्ट एकदा ओढतात, काही पडलं नाही की रिकामी म्हणतात. आमच्या काउंटरवरच्या माणसानेही तेच केलं. तो गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, किमती तोंडपाठ आहेत त्याला, पण चिठ्ठी बांधणं म्हणजे तपासणं असा त्याचा समज झाला आहे. आणि त्या चिठ्ठीवर विसंबून मी स्क्रूड्रायव्हर आधी उचलला, ही माझी चूक. चिठ्ठी आली की माणूस स्वतः पाहायचा थांबतो. मालकांना हे मी आधीही दोनदा सांगितलं होतं.

काडतूस कसं काढलं ते इथे लिहीत नाही. ज्याच्याकडे गोळी अडवणारी पेटी नाही आणि शेजारी दुसरा जाणता माणूस नाही, त्याने ते घरी करूच नये. मालकांना हाक मारली, नळी पेटीत रोखून ठेवली आणि दोघांनी मिळून पाऊण तास घेतला.

बाहेर आल्यावर ते तळहातावर घेऊन मी भिंगाखाली धरलं. काठावर पिनचा, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या खिळीचा, ठसा होता. उथळ, नखाने ओरखडा काढावा तेवढा.

पॉइंट टू टूचं काडतूस रिमफायर जातीचं. त्यात बार पेटवणारा मसाला काडतुसाच्या पोकळ काठात, गोल फिरून भरलेला असतो. पिनने तो काठ चेचला की बार उडतो. पण चेंबरमधल्या घाणीमुळे काडतूस पुरतं बसलं नसेल, तर पिनचा पहिला मार ते पुढे ढकलण्यातच जातो आणि काठ चेचला जात नाही. नुसतं खट् होतं. त्या माराने काडतूस मात्र आता नीट बसतं. नंतर कुणी बोल्ट ओढून सोडला की हॅमर, म्हणजे पिनवर आपटणारा हातोडा, पुन्हा चढतो, ट्रिगर ओढायचाच बाकी राहतो. आमच्या काउंटरवर नेमकं तेच झालं होतं. रायफल माझ्याकडे आली ती हॅमर चढलेली, काडतूस बसलेलं, अशी.

मग ती साफ केली, आणि मनापासून केली. सेफ्टीचं बटण बरोबर मधोमध ठेवलं, नाहीतर दस्ता अडतो आणि ओढाताणीत लाकडाचा टवका उडतो. दस्ता उतरवला, दोन आडव्या पिना काढून ट्रिगरचा जोड वेगळा केला, मागची तिसरी पिन आपणहून गादीवर घरंगळली. बोल्ट काढला तर आतून जे निघालं ते रॉकेलच्या स्टोव्हच्या बर्नरमधल्या काजळीत मेण कालवावं तसं होतं. पॉइंट टू टूची गोळी बहुतेकदा साध्या शिशाची, वरून मेण किंवा ग्रीस लावलेली. त्यात दारूची राख मिसळते आणि बोल्ट मागे येतो तसा तो सगळा धूर रायफलीच्या पोटात शिरतो. त्यावर या घरात वर्षानुवर्षं नुसतं तेल सोडलेलं होतं. लोकांना तेल घालणं म्हणजेच निगा वाटते. तेलाने मळ जात नाही, तो भिजतो आणि वाळून डांबरासारखा बसतो.

आकडीखालचा थर दाताच्या डॉक्टराच्या हत्यारासारख्या टोकाने कोरून काढला. चेंबरमध्ये पितळी ब्रश हाताने फिरवला, सॉल्व्हंट लावून वीस मिनिटं ठेवला, परत फिरवला, चिंदी पांढरी येईपर्यंत. या रायफलीची पाठ बंद असते, त्यामुळे सळई तोंडाकडून घालावी लागते. नळीच्या तोंडाची कड घासली गेली तर नेम कायमचा बिघडतो. म्हणून मी सळई वापरतच नाही, चेंबरकडून दोरी ओवून चिंदी पुढे ओढतो. आमचा फुलत्रूच तो. शेवटी बोल्टच्या सरकण्याच्या जागी तेलाचा एकच थेंब, बोटाने पसरलेला.

ते दोघं परत आले तेव्हा मी काडतूस एका बशीत ठेवून काउंटरवर आणलं. ठसा दाखवला. बाई म्हणाल्या, "अहो, पण आम्ही मॅगझिन काढलं होतं."

मुलगा बशीकडे बघत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काल रात्री मी ट्रिगर ओढला होता. टेबलावर. आजी समोर बसली होती."

नळी कुणीकडे होती हे मी विचारलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि तो हात तिथेच राहिला.

त्याच्यासमोर दाखवायला नको होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. बायको म्हणते, बाईंना बाजूला घेऊन सांगायचं. मालक म्हणतात, बंदूक त्याचीच होणार, त्यालाच कळायला हवं. मला तेव्हा ते त्या दोघांचंच वाटलं होतं, दोघांनाही सारखंच कळावं असं. तो आधीच सगळं सांगून टाकेल हे मनात आलं नव्हतं.

तीन दिवसांनी दोघं रायफल न्यायला आले. बाईंनी मला बोल्ट उघडायला लावला आणि कसं तपासायचं ते दोनदा करून घेतलं. आधी डोळे, मग करंगळी. त्यांची करंगळी चेंबरमधून निघाली तेव्हा टोकावर जरासं तेल होतं, त्यांनी ते पदार्थ चाखून बघावा तसं बोटांत चोळून पाहिलं. मुलगा दाराशी उभा होता, दोन्ही हात खिशात. मी त्याला जवळ बोलावलं नाही.