इंजिनवर चालणारा एअर कंप्रेसर गाडीत बसवताना : माझा अनुभव

वाळूत किंवा सैल दगडांवर गाडी उतरवण्यापूर्वी टायरमधील हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते आणि गाडी रुतण्याची शक्यता बरीच घटते. अडचण पक्क्या रस्त्यावर परत आल्यावर सुरू होते, कारण कमी हवेच्या टायरवर वेगाने गाडी चालवली तर त्याच्या कडा सतत दबून तापतात आणि टायर फुटू शकतो. माझ्या टायरची पोकळी सुमारे 70 लिटर धरली, तर दाब 15 वरून 30 पीएसआयवर (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) नेण्यासाठी प्रत्येक टायरला जवळजवळ 70 लिटर मोकळी हवा लागते, म्हणजे चारही टायरना मिळून 280 लिटर. बॅटरीवर चालणारा लहान कंप्रेसर हे काम करतो, परंतु सावकाश करतो, आणि मध्येच तापला म्हणजे त्याला विश्रांती द्यावी लागते. इंजिनमध्ये मुबलक शक्ती उपलब्ध असताना ती आधी विजेत बदलून बारीक मोटरीतून घेण्यापेक्षा बेल्टने थेट घ्यावी, असा विचार करून मी हे काम हाती घेतले.

यासाठी बहुतेक लोक गाडीच्या वातानुकूलनाचा, म्हणजे एसीचा, जुना कंप्रेसर वापरतात आणि मीही तेच केले. मात्र सगळे एसी कंप्रेसर या कामासाठी सारखे नसतात, आणि माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय येथेच होतो. सँडेन कंपनीच्या कंप्रेसरसारख्या आटोपशीर कंप्रेसरला वंगण मिळते ते एसीच्या वायूबरोबर फिरणाऱ्या तेलातून. नुसती हवा ओढायला लावली की ते तेल परत येत नाही आणि आतील भाग कोरडे पडतात; त्यामुळे हवेच्या वाटेत थेंबथेंब तेल सोडण्याची वेगळी सोय करावी लागते. यॉर्क कंपनीचा जुन्या धाटणीचा दोन सिलिंडरचा कंप्रेसर आकाराने बोजड असला, तरी त्याच्या तळाशी स्वतःचे तेल असते आणि वंगणासाठी तो वायूवर अवलंबून नसतो. इंजिनजवळ जागा मिळत असेल, तर यॉर्कच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या गाडीत एसी चालू आहे आणि त्याचाच कंप्रेसर वापरायचा आहे, त्यांनी आधी आतील वायू योग्य यंत्राने काढून घ्यावा. तो हवेत सोडू नये.

कंप्रेसर धरून ठेवणारे ब्रॅकेट इंजिनच्या ब्लॉकवरच बसले पाहिजे. इंजिन रबरी माउंटिंगवर असल्यामुळे वेग वाढवताच ते हलते, आणि कंप्रेसर चासीला (गाडीच्या सांगाड्याला) धरलेला असेल तर दोन पुलींमधील अंतर क्षणोक्षणी बदलून बेल्ट उडतो. मी जाड पोलादी पाटीचे ब्रॅकेट तयार करून घेतले. त्यापूर्वी पुठ्ठ्याचा नमुना कापून तो इंजिनवर धरून पाहिला आणि बॉनेट, रेडिएटरचा पंखा व स्टिअरिंगचे भाग यांपासून मोकळी जागा राहते याची खात्री केली. त्यानंतर इंजिनच्या क्रँकच्या, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, पुलीवर सरळ पट्टी टेकवून कंप्रेसरची पुली तिच्या रेषेत येईपर्यंत वॉशर घालत गेलो. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु रेषा जराशी जरी चुकली तरी बेल्टच्या एका कडेची झीज होते, म्हणून येथे घाई करू नये. मागेपुढे होणाऱ्या पिस्टनमुळे हा कंप्रेसर झटके देत फिरतो; पहिल्या चाचणीत ब्रॅकेटचे मोकळे टोक थरथरताना दिसले, तेव्हा तेथून सिलिंडर हेडच्या बोल्टपर्यंत एक आधारपट्टी जोडली आणि थरथर थांबली. कंप्रेसरसाठी मी स्वतंत्र बेल्ट ठेवला आहे. तो तुटला तर हवा मिळणार नाही, इतकेच. पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर चालूच राहतील आणि गाडी घरी येईल.

येथपर्यंतचे काम कोणीही अनुभवी मेकॅनिक करून देऊ शकतो. खरा अभ्यास करावा लागला तो कंप्रेसरपासून दाबलेली हवा साठवणाऱ्या टाकीपर्यंतच्या, हातभर लांबीच्या वाटेचा. सायकलच्या टायरमध्ये पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, तोच प्रकार येथे फार मोठ्या प्रमाणावर होतो. एसीमध्ये शोषला जाणारा वायू थंड आणि आधीच दाबाखाली असतो, त्यामुळे त्याचा दाब साधारण पाच-सहा पटच वाढवावा लागतो. येथे मात्र बाहेरची साधी हवा घेऊन तिचा दाब सुमारे नऊ पट करायचा असतो. तीस अंशांची हवा एकाच टप्प्यात इतकी दाबली आणि उष्णता कोठेही निसटली नाही, तर हिशोबाने तिचे तापमान 290 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. प्रत्यक्षात सिलिंडर बरीच उष्णता बाहेर टाकतो, तरीही बाहेर पडणारी हवा साधा रबरी होज खराब करण्याइतकी तापलेली असते. म्हणून या टप्प्यासाठी पोलादी तारेची जाळी असलेला टेफ्लॉनचा होज घेतला, जो सुमारे 260 अंशांपर्यंत टिकतो. हवा उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही कंप्रेसरच्या तोंडाशी न लावता टाकीच्या बाजूला लावला, जेणेकरून हवा तेथे पोचेपर्यंत काहीशी निवते आणि व्हॉल्व्हमधील सील टिकते.

दुसरा प्रश्न तेलाचा. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडे तेल हवेबरोबर वर येणारच. हे तेल टायरच्या आतील रबराला आणि हवेवर चालणाऱ्या डिफरन्शियल लॉकच्या (दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणाऱ्या यंत्रणेच्या) सीलना अपायकारक असते, शिवाय तापलेल्या वाटेत ते जळून काजळी धरते. टाकीच्या आधी तेल वेगळे करणारा फिल्टर बसवला आणि त्याच्या तळाला निचऱ्याचा कॉक दिला. हवा आत घेणारा फिल्टर मुद्दाम मोठा निवडला, कारण शोषणाला अडथळा झाला की रिंगांवरून अधिक तेल ओढले जाते. आणि तो बॉनेटखाली शक्य तितका उंच ठेवला, म्हणजे ओढा ओलांडताना पाणी आत जाणार नाही.

टाकी 10 लिटरची असून चासीच्या आतल्या बाजूला, दगड लागणार नाही अशा उंचीवर आहे. टाकीच्या बाबतीत काटकसर करू नये आणि घरी वेल्डिंग करून ती कधीही बनवू नये. दाब सहन करण्यासाठी तपासलेली, तशी नोंद कोरलेली टाकीच घ्यावी. तिच्यावर 150 पीएसआयचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेट बसवला आहे, आणि टाकी व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोणताही कॉक येऊ दिलेला नाही.

विजेची जोडणी त्यामानाने सोपी ठरली. पुलीशी कंप्रेसर जोडणाऱ्या-सोडणाऱ्या चुंबकी क्लचला साधारण तीन-चार अँपिअर प्रवाह लागतो. डॅशबोर्डवरील स्विच आणि टाकीवरील प्रेशर स्विच एकामागोमाग जोडून ते रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, चालवतात, आणि रिलेतून फ्यूजमार्गे क्लचला वीज मिळते. दाब 90 पीएसआयच्या खाली आला की क्लच धरतो आणि 120 ला सोडतो. क्लच सुटताना त्याच्या कॉइलमधून उलट व्होल्टेजचा झटका येतो आणि त्याने रिले किंवा स्विच खराब होऊ शकतो, म्हणून कॉइलवर एक डायोड आडवा लावला.

पहिल्यांदा टाकी भरल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले, आणि रात्रभर दाब टिकतो का तेही तपासले. माझ्या कंप्रेसरचे एका फेऱ्याचे आकारमान सुमारे 165 घन सेंटिमीटर आहे. तो मिनिटाला 1500 फेरे फिरला, तर हिशोबाने 247 लिटर हवा ओढेल. दाबाविरुद्ध काम करताना यातील बराच भाग वाया जातो, तरीही हाताने अ‍ॅक्सिलरेटर थोडा वाढवून ठेवला, तर चार टायरचे 280 लिटर दोन-तीन मिनिटांच्या कामात बसतात. आता टायर भरण्यापेक्षा एका चाकाकडून दुसऱ्याकडे होज नेण्यातच अधिक वेळ जातो.

देखभाल थोडी आहे, पण ती टाळता येत नाही. तीस अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला वीस ग्रॅमहून अधिक बाष्प असते, आणि ती हवा दाबली जाऊन टाकीत निवली की त्यातील बहुतेक बाष्पाचे पाणी होते. ते साचून राहिले तर पोलादी टाकी आतून गंजते, जे बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रत्येक वापरानंतर तळाचा कॉक उघडून टाकी रिकामी करतो, फिल्टरमधील तेल सोडून देतो, आणि लांबच्या प्रवासापूर्वी कंप्रेसरच्या तेलाची पातळी, ब्रॅकेटचे बोल्ट व बेल्टचा ताण तपासूनच निघतो.