विंडहुक ते व्हिक्टोरिया धबधबा: स्वतः गाडी चालवत केलेला प्रवास

नामिबियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक आहे आणि २०२३ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या जेमतेम ३० लाख आहे. तेथे जाणाऱ्याने हे दोन आकडे ध्यानात ठेवूनच मुक्काम ठरवावेत. दोन गावांच्या मध्ये शंभर-दोनशे किलोमीटर काहीही नसते, रस्ता बहुतेक ठिकाणी खडीचा असतो आणि सूर्य मावळल्यावर गाडी चालवणे हा शहाणपणा मानला जात नाही. मी, पत्नी, दादा आणि वहिनी असे आम्ही चौघे ऑगस्ट महिन्यात नामिबियाची राजधानी विंडहुक येथून निघालो. नामिब वाळवंट, किनाऱ्यावरचे स्वाकोपमुंड, एतोशा राष्ट्रीय उद्यान, देशाच्या ईशान्य टोकाचा झांबेझी प्रदेश आणि बोट्स्वानातील कसाने असे करत व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत गेलो. ठरवल्याप्रमाणे काय झाले यापेक्षा काय झाले नाही, हेच पुढे जाणाऱ्यांच्या जास्त उपयोगाचे असल्यामुळे त्यावरच भर देत आहे.

पहिला खोळंबा वाटेतच झाला. मुंबईहून थेट विमान नसल्यामुळे पूर्व आफ्रिकेतील एका विमानतळावर आम्हाला विमान बदलायचे होते. मुंबईचे विमान उशिरा निघाले, पुढचे चुकले आणि आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलो. येथे एक नियम फार महत्त्वाचा ठरतो. भारतातून थेट येणाऱ्याकडे नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागत नाहीत, परंतु पीतज्वराचा धोका असलेल्या देशातील विमानतळावर बारा तासांहून अधिक काळ थांबावे लागले, तर ते मागितले जाते. तिकिटावर थांबा तीन तासांचा असला, तरी विमान चुकल्यावर तो किती तासांचा होईल हे कोणाच्याच हाती नसते. आम्ही चौघांनी लस आधीच घेतलेली असल्यामुळे विंडहुकला पिवळे कार्ड, म्हणजे लसीचे प्रमाणपत्र, दाखवून लगेच सुटलो. आमच्याच विमानातील दोघा प्रवाशांना मात्र बाजूला बसवून ठेवले होते. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, तेथे ठरावीक वारीच नोंदणी असते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरतात. परतताना मुंबईलाही हे कार्ड विचारले जाऊ शकते, म्हणून ते पासपोर्टच्या पाकिटातच असू द्यावे.

तिकिटांबद्दल आणखी एक सूचना. जोहान्सबर्गमार्गे जाताना स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढण्याचा मोह होतो. तसे केल्यास सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते, त्यासाठी दक्षिण आफ्रिकेत प्रवेश करावा लागतो आणि भारतीय पासपोर्टवर त्याला व्हिसा लागतो. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि सामान थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जाणार असेल, तरच हा मार्ग घ्यावा.

आमच्या चार बॅगांपैकी दोनच विंडहुकला पोहोचल्या. उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या. विमानतळ शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर दूर आहे आणि आपण वाळवंटात निघून गेल्यावर बॅग मागे पाठवून देण्याची कोणतीही सोय नाही. त्यामुळे आम्हाला एक रात्र जास्त थांबावे लागले आणि नामिब वाळवंटातील सेसरीमच्या आरक्षणाचे पैसे गेले. उतरल्या दिवशी गाडी घेऊन निघू नये, पहिले दोन मुक्काम विंडहुकलाच ठेवावेत, आणि औषधे, एक जोडी कपडे व स्वेटर हातातल्या बॅगेत असू द्यावे. ऑगस्ट म्हणजे तेथला हिवाळा. दुपारी शर्टावर फिरता येते आणि पहाटे तंबूतून हात बाहेर काढवत नाही.

गाडी म्हणजे टपावर दोन तंबू असलेली फोर-बाय-फोर पिकअप. तेथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे, त्यामुळे चालवण्याची सवय लवकर होते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून एक हजार रुपयांत मिळतो. गाडी ताब्यात घेताना कंपनीचा माणूस तासभर सगळे समजावून सांगतो. तो सांगत असताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, कारण त्याची किंमत रस्त्यावर कळते. विम्याच्या कागदांत टायर, काचा आणि गाडीचा तळ समाविष्ट आहे का, हे स्वतः वाचावे. दुसरे वाहन न धडकता गाडी उलटल्यास आणि अंधारात अपघात झाल्यास बऱ्याच कंपन्या भरपाई देत नाहीत. खडीच्या रस्त्यावर कायद्याने ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाता येते, पण ८० च्या वर जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी पर्यटकांच्या गाड्या तेथे एकमेकींना धडकत नाहीत, एकट्यानेच उलटतात.

सेसरीमच्या फाटकाच्या आत मुक्काम मिळाला तर अवश्य घ्यावा. आतल्या छावणीतल्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेरच्यांना सूर्योदयाला. तेथून सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटी पाचेक किलोमीटर निव्वळ वाळू. त्या वाळूच्या तोंडाशी टायरमधली हवा बरीच कमी करावी लागते. आम्ही अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली आणि कोठेही न थांबता एका गतीने पार झालो. वाळूची सवय नसेल तर तेथून ने-आण करणारी वाहने मिळतात, त्यात कमीपणा नाही. वाळूच्या पलीकडे असलेल्या डेडफ्ले या कोरड्या तळ्यातील झाडे सहाशे-सातशे वर्षांपूर्वी वाळली आणि हवेत ओल नसल्यामुळे न कुजता तशीच उभी आहेत. छायाचित्रांत ती पुष्कळ वेळा पाहिलेली असतात. तरीही पांढऱ्या भेगाळलेल्या जमिनीवर उभे राहिल्यावर, आपल्या शेजारी एवढ्या शतकांत एकही पान हललेले नाही, हे ध्यानात येते आणि चौघेही काही वेळ बोलेनासे होतो.

सॉलिटेअरहून वॉल्विस बेकडे जाणाऱ्या सी-१४ रस्त्यावर, मकरवृत्ताची पाटी मागे पडून अर्धा तास झाला असताना मागचे डावे चाक बसले. अणकुचीदार दगडाने टायरची बाजू चिरली होती, त्यामुळे पंक्चर काढण्याचा प्रश्नच नव्हता. या गाड्यांत एक जादा चाक मागच्या बाजूला खाली टांगलेले असते आणि ते उतरवण्यासाठी लांब गज बंपरच्या भोकातून आत घालून आतल्या खाचेत बरोबर बसवावा लागतो. ते भोक धुळीने भरलेले होते आणि गज खाचेत बसतो आहे की नुसताच फिरतो आहे, हे कळत नव्हते. दादाने रस्त्यावर उताणे झोपून टॉर्च धरला, तेव्हा चाक इंचाइंचाने खाली आले. जॅक खडीत रुतू लागला म्हणून त्याखाली स्वयंपाकाची लाकडी फळी घातली. त्या पाऊण तासात तीन गाड्या आल्या आणि तिन्ही थांबल्या. त्यातल्या एका स्थानिक गृहस्थांनी नट पुन्हा एकदा आवळून दिले आणि वीस-तीस किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासण्यास सांगितले. तसे तपासले तेव्हा दोन नट खरोखरच सैल झालेले होते. गाडी घेताना दोन जादा चाके मागून घ्यावीत, गज कोठे आणि कसा बसतो हे आवारातच करून पाहावे आणि पेट्रोल पंप दिसला की टाकी अर्धी भरलेली असली तरी पूर्ण भरावी. सॉलिटेअर सोडल्यावर वॉल्विस बेपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर पंप नाही. पिण्याचे पाणी माणशी पाच लिटर तरी गाडीत असावे.

स्वाकोपमुंडला वाळवंट थेट अटलांटिकला भिडते आणि तरीही सकाळी दहापर्यंत दाट धुके असते. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह त्याला कारण आहे. जर्मन वसाहतीच्या काळातील इमारती आणि नीटनेटके रस्ते पाहून लोक हरखून जातात. १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांच्या झालेल्या संहाराची आठवणही याच गावात आहे, तीही पाहावी. जर्मनीने त्याला वंशसंहार म्हणून मान्यता दिली ती २०२१ मध्ये. किराणा, टायर आणि कपड्यांची धुलाई ही सगळी कामे येथेच उरकून घ्यावीत.

एतोशाकडे जाताना आम्ही ट्विफेलफाँटेनची शिलाचित्रे सोडून ओचिवारोंगोजवळचे चित्ता संवर्धन केंद्र निवडले आणि त्याचे समाधान आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला आलेले आठ चित्ते याच परिसरातून निघाले होते. तेथे सर्वांत लक्ष वेधून घेतले ते कुत्र्यांनी. शेळ्या-मेंढ्यांची राखण करणारी मोठ्या अंगाची कुत्री हे केंद्र वाढवते आणि शेतकऱ्यांना देते. कुत्रा कळपात असला की चित्ता फिरकत नाही, आणि जनावर गेले नाही की शेतकरी बंदूक काढत नाही. बिबट्यामुळे हैराण झालेल्या आपल्या जुन्नर भागातील कोणीतरी हे जाऊन पाहावे असे वाटले.

एतोशामध्ये गाडीतून उतरण्यास मनाई आहे आणि सूर्यास्ताला छावण्यांची फाटके बंद होतात. ओकाउकुएजो छावणीहून हलाली छावणी सत्तर किलोमीटर आहे, वेगमर्यादा ताशी ६० आहे आणि वाटेत हत्तींचा कळप रस्त्यावर उभा राहिला तर तो हलेपर्यंत थांबणे एवढेच आपल्या हाती असते. आम्ही असे तास-दीड तास थांबलो आणि फाटकाशी अगदी शेवटच्या मिनिटांत पोहोचलो. दिवसभर फिरण्यापेक्षा ओकाउकुएजोच्या पाणवठ्यापाशी रात्री बसणे मला अधिक फलदायी वाटले. तेथे रात्रभर मंद दिवे असतात. काळा गेंडा पिलासह आला, हत्तींनी त्याला पाण्यापासून दूर ठेवले आणि तो वीस मिनिटे दगडासारखा उभा राहिला. शेवटी हत्ती गेल्यावरच त्याने पाणी प्याले. ब्लँकेट आणि थर्मास घेऊन बसावे.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, परंतु हॉटेलवर विसंबूनही चालत नाही. तेथे मांस भाजणे हाच सामाजिक कार्यक्रम असतो. आम्ही भाजणी, पोह्यांचे पीठ, मेतकूट आणि चटण्या नेल्या होत्या. भाज्या, दही, डाळी मोठ्या गावांतील सुपरमार्केटात मिळाल्या. विजेबाबत एक सुखद धक्का बसला. नामिबियात आणि दक्षिण आफ्रिकेत भिंतीवर आढळणारे मोठे सॉकेट म्हणजे आपल्या गीझर-एसीचेच, मोठ्या तीन पिनांचे. विमानतळावरचे महागडे ॲडॉप्टर घेण्याऐवजी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून लहान पिन मोठ्या सॉकेटमध्ये बसवणारा प्लग आणि एक एक्स्टेंशन बोर्ड घ्यावा. पैशांचे म्हणाल तर नामिबियाचा डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड समान मूल्याचे आहेत. रँड नामिबियात चालतो, पण नामिबियाचा डॉलर दक्षिण आफ्रिकेत चालत नाही, म्हणून तो संपवूनच बाहेर पडावे.

ग्रूटफाँटेनहून रुंडूकडे जाताना एक तपासणी नाके लागते. जनावरांचे रोग दक्षिणेकडील कुरणांत पसरू नयेत म्हणून घातलेल्या कुंपणाचे हे नाके आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चे मांस नेता येत नाही. ते ओलांडले आणि देशच बदलल्यासारखा वाटला. तोवर तारांच्या कुंपणातली निर्मनुष्य कुरणे होती, आता रस्त्याच्या कडेने झोपड्या, शाळेत चाललेली मुले आणि सतत रस्ता ओलांडणाऱ्या शेळ्या. डांबरी रस्ता उत्तम असूनही येथे वेग कमीच ठेवावा. पुढे ब्वाब्वाटा अभयारण्यातून जाताना हत्तींच्या पाट्या शोभेसाठी नाहीत हे लवकरच कळते.

बोट्स्वानाच्या न्गोमा सीमेवर आमचा सर्वांत विनोदी प्रसंग घडला. लाळ्या-खुरकूत रोगामुळे तेथे गाडी औषधी पाण्याच्या खळग्यातून न्यावी लागते आणि माणसांना भिजवलेल्या पोत्यावर पाय ठेवून जावे लागते, हे वाचलेले होते. बॅगेतली पादत्राणेही बुडवून घेतात, हे मात्र ठाऊक नव्हते. वहिनींच्या नव्या कोल्हापुरी चपला त्या द्रावणातून बाहेर आल्या त्या पापडासारख्या वाकून. अधिकारी बाई अतिशय सौजन्याने वागल्या आणि नियमाला तसूभरही हलल्या नाहीत. फ्रिजमधले उघडे दूध आणि संत्रीही ठेवून घेतली. चामड्याची पादत्राणे या प्रवासात नेऊच नयेत. गाडी परदेशात नेण्याचे कंपनीचे पत्र मूळ प्रतीत जवळ असावे आणि सीमा सायंकाळी बंद होत असल्यामुळे दुपारपूर्वीच पोहोचावे.

कसानेला गाडी परत दिली. एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी सोडण्याचा आकार जबर असतो, पण तेवढाच रस्ता परत जाण्याचे दिवस आणि इंधन धरले तर तो परवडतो. चोबे नदीवर दुपारची नौका घ्यावी. ज्या बेटावर हत्ती पोहत जातात, त्या सेडुडू बेटावरून नामिबिया आणि बोट्स्वानाचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता आणि १९९९ मध्ये बेट बोट्स्वानाला मिळाले. हत्तींना त्याची काही फिकीर नसावी.

कसानेहून झिंबाब्वेची सीमा ओलांडून व्हिक्टोरिया फॉल्स गाव सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तेथे अमेरिकी डॉलर चालतात, परंतु सुट्यांची कायम टंचाई असते आणि फाटकी किंवा मळलेली नोट घेत नाहीत. एक, पाच आणि दहाच्या कोऱ्या नोटा भारतातूनच न्याव्यात. वीज वारंवार जाते, म्हणून हॉटेलात जनरेटर आहे का हे आधी विचारावे. धबधबा १७०८ मीटर रुंद आहे आणि त्याचा मोठा भाग झिंबाब्वेच्या बाजूने समोरासमोर दिसतो. प्रवेशशुल्क माणशी ५० डॉलरच्या आसपास आहे. एप्रिल-मे मध्ये पाणी इतके असते की तुषारांपलीकडे फारसे दिसत नाही, ऑगस्टमध्ये पाणीही भरपूर आणि कडाही स्पष्ट दिसतो. १९०५ मध्ये बांधलेल्या सीमेवरील पुलावरून झांबियाच्या बाजूला जाऊन परत यायचे असल्यास झिंबाब्वेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो, हे अर्ज करतानाच ठरवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाकडील कडा जवळजवळ कोरडा पडतो. त्या दिवसांत जाणाऱ्यांनी तो वाढीव खर्च न करता झिंबाब्वेच्याच बाजूला एकदा सकाळी आणि एकदा उन्हे उतरल्यावर जावे.