कागद त्यांच्या खिशात हाय

आमच्या खात्यात नुसत्या शब्दावर गाडी सुटत नाही. पुढच्या स्टेशनचा मास्तर कितीही ओळखीचा असो, त्याच्या मुलीच्या लग्नात आपण पंगतीला बसून आलेलो असो, ‘पाठवा गाडी’ एवढं म्हणून भागत नाही. त्यानं प्रायव्हेट नंबर द्यायचा, मी तो परत म्हणून दाखवायचा आणि दोघांनी तो आपापल्या ट्रेन सिग्नल रजिस्टरात वेळेसकट लिहायचा. नव्यानं लागलेल्या पोरांना हे कागदी घोडे वाटतात. मलाही वाटायचे.

ज्यांना रेल्वेचं आतलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रायव्हेट नंबरचा एक छापील तक्ता असतो. त्यात दोन आकडी संख्या उलटसुलट क्रमानं दिलेल्या असतात. ज्याला खात्री द्यायची आहे त्यानं आपल्या तक्त्यातली पुढची संख्या सांगायची, तिच्यावर काट मारायची, समोर गाडीचा नंबर आणि वेळ टाकायची. एकदा वापरलेली संख्या पुन्हा नाही. असाच तक्ता गेटमनकडेही असतो. जे गेट सिग्नलला जोडलेलं नाही, तिथं गेटमननं ‘बंद केलं’ असं सांगून नंबर दिल्याशिवाय मी गाडीला सिग्नल देत नाही.

मराठवाड्यातल्या एकेरी मार्गावरचं आमचं स्टेशन. आमचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, एम. ए. झालेला. शिकून खालच्या जागेवर लागलेली अशी पोरं आमच्याकडे पुष्कळ. तो प्राध्यापकीच्या नेट परीक्षेची तयारी करत होता. नेटच्या पहिल्या पेपरात संज्ञापन, म्हणजे एकाचं म्हणणं दुसऱ्याला कसं पोचतं त्याचा अभ्यास, हा एक घटक आहे. नाइटला दोन गाड्यांच्या मधे वेळ मिळाला की तो गाइड काढायचा आणि मोठ्यानं वाचायचा. झोप येऊ नये म्हणून मीही ऐकायचो. अशी माझी लासवेल, शॅनन, श्रॅम, बर्लो या संज्ञापनाचे सिद्धांत मांडणाऱ्या मंडळींशी ओळख झाली.

लासवेलनं 1948 साली पाच प्रश्न मांडले: कोण बोलतं, काय बोलतं, कोणत्या माध्यमातून, कुणाशी आणि परिणाम काय. मी म्हटलं, हे तर आपलं रजिस्टरच झालं. बर्लोचा 1960 चा तक्ता, म्हणजे प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक आणि प्रत्येकाखाली पोटमुद्दे. पाठ करायला सोपा, म्हणून परीक्षेवाल्यांचा लाडका असावा. मला त्यात फारसा जीव वाटला नाही. माझा माणूस शॅनन. तो बेल लॅबोरेटरीजमधला, म्हणजे टेलिफोनच्या घरचा. त्याच्या 1948 च्या आकृतीत आधी माहितीचा स्रोत, मग संदेश पाठवणारं यंत्र, मग मार्ग, मग संदेश घेणारं यंत्र आणि शेवटी ज्याला तो पोचवायचा तो. मधल्या मार्गावर खालून एक बाण येऊन आदळतो, तो म्हणजे गोंगाट. दोन स्टेशनांमधल्या आमच्या ब्लॉक फोनवर हा बाण आम्ही रोज कानानं ऐकतो.

फेब्रुवारीअखेरची ती रात्र अवकाळीची होती. संध्याकाळपासून विजा चमकत होत्या. दहाच्या सुमाराला जवळच कुठंतरी कडाडली आणि पुढच्या स्टेशनाशी गाडीची देवाणघेवाण करायचं ब्लॉक इन्स्ट्रुमेंट मेलं. आता प्रत्येक गाडीसाठी फोनवरून लाइन क्लिअर, म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याची परवानगी, घ्यायची आणि पेपर लाइन क्लिअर तिकीट लिहून ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. फोनवर अशी खरखर की पलीकडचा माणूस गारांच्या पत्र्याखाली उभा राहून बोलतोय असं वाटावं.

अशा वेळी कसं बोलायचं ते अंगवळणी पडलेलं असतं. आधी स्टेशनचं नाव, मग गाडीचा नंबर, मग ती कुठून कुठं जाणार, मग वेळ, शेवटी प्रायव्हेट नंबर. नंबर दोन तऱ्हांनी सांगायचा, ‘सेवंटी एट, सेवन एट’. एक हुकला तर दुसरा सापडतो. समोरच्यानं सगळं परत म्हणायचं. कळलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाजायचं नाही. त्या रात्री मालगाड्यांची रांग होती, आणि एकेका वाक्याला तीन-तीनदा बोलावं लागत होतं. मधून सगळ्या गाड्यांवर लक्ष ठेवणारा कंट्रोल ओरडायचा, अमुक गाडी का उभी आहे? पण घोळ एकही झाला नाही. पॉइंट्समन कंदील पुसता पुसता म्हणाला, “साहेब, याला पुस्तकात रिडंडन्सी म्हणतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचं सांगणं. शॅनन म्हणतो, इंग्रजी मजकुरात सुमारे निम्मी असते.” आमच्या भाषेत ती निम्म्याहून जास्त असणार, हे माझं मत.

पहाटे पाऊस उघडला. मेंटेनर मोटारसायकलवरून चिखल उडवत आला, आणि साडेपाचपर्यंत इन्स्ट्रुमेंट सुरू झालं, फोनही स्वच्छ झाले. एक मालगाडी मागच्या दिशेला सोडली. ती जाताना मी प्लॅटफॉर्मवर हिरवी बत्ती दाखवत उभा होतो, पॉइंट्समन पलीकडच्या टोकाला. मग सकाळची पॅसेंजर आली. पुढच्या स्टेशनची लाइन क्लिअर मिळाली. राहिलं होतं अडीच किलोमीटरवरचं गेट.

मॅग्नेटोचा, म्हणजे गेटच्या फोनचा, दांडा फिरवला. लगेच उचलला गेला.

“गेट बंद आहे सायेब.”

आवाज ठणठणीत, खरखर नाही. रात्रभरात इतकं स्वच्छ वाक्य मी ऐकलं नव्हतं. पेन रजिस्टरवर टेकवून मी म्हटलं, “नंबर सांगा.”

पलीकडे गप्प.

“नंबर?”

“नंबर कसा सांगू सायेब, कागद त्यांच्या खिशात हाय.”

“तुम्ही कोण?”

ते शेजारच्या वस्तीवरचे आबा. रोज पहाटे गेटमनच्या खोलीशी येऊन चहा पितात, दोन गाड्या बघतात, घरी जातात.

“आबा, गेटमन कुठंय?”

“त्यो पळत गेला ना लाल झेंडी घेऊन. उसाची ट्रॉली रुळावर बसलीय. पिन तुटली तिची.”

मी फोन धरून ठेवला आणि पॉइंट्समनला हाक मारून सांगितलं, ड्रायव्हरला कळव, स्टार्टर (गाडी सुटायचा सिग्नल) लाल राहणार. मग आबांना विचारलं, “मग गेट बंद आहे असं का म्हणालात?”

“फोन आला तर सांगा, म्हणाला त्यो. काय सांगायचं त्ये मी रोज ऐकतोच की.”

नंतर सगळं उलगडलं. ट्रॅक्टर एका बाजूनं आत आला आणि मागची ट्रॉली बरोबर रुळांवर सुटली. गेटमननं आधी मला फोन लावला होता, पण तेव्हा मी बाहेर मालगाडीला बत्ती दाखवत होतो, आणि इंजिनाच्या भोंग्याखाली घंटी विरून गेली. उत्तर येईना, तसा तो थांबला नाही. गाडी ज्या बाजूनं यायची शक्यता, त्या बाजूला धावला. 600 मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन, मग दुसऱ्या बाजूला तेच. इंजिनाच्या चाकाखाली हे फटाके फुटले की ड्रायव्हरनं थांबायचंच; धुकं असो, वळण असो, झेंडी दिसो न दिसो. म्हणजे मी सिग्नल दिला असता तरी पॅसेंजर त्या तीन बारांवर थांबली असती, असं म्हणता येतं. पण तेवढं पळून फटाके बांधून व्हायला वेळ लागतो, आणि गेटमनचं वय पन्नाशीच्या पुढं आहे.

दुसरा ट्रॅक्टर आणून ट्रॉली ओढून काढेपर्यंत अर्ध्या तासावर वेळ गेला. पॅसेंजरमधले लोक खाली उतरून माझ्याकडे बघत होते. एक गृहस्थ येऊन म्हणाले, “लाइन मोकळी आहे म्हणता, मग सोडा की.” त्यांना काय सांगणार? मग मॅग्नेटो वाजला. धापा टाकत गेटमन, “साहेब, गेट बंद. नंबर फोर वन, फॉर्टी वन.” लिहिला, परत म्हटला, सिग्नल दिला. कंट्रोलला उशिराचं कारण एका ओळीत सांगितलं, त्यानं तितक्याच कोरडेपणानं लिहून घेतलं.

चार्ज देऊन झाल्यावर आम्ही दोघं चहाला बसलो, तर पॉइंट्समननं गाइड उघडून शॅननची आकृती माझ्यापुढं सरकवली. “साहेब, यात स्रोत आणि पाठवणारं यंत्र हे दोन वेगळे चौकोन आहेत. मला कळत नव्हतं, दोन कशाला?” त्या दिवशी दोघांनाही कळलं. स्रोत होता गेटमन, ज्यानं गेट डोळ्यांनी बघितलं होतं. तो झेंडी घेऊन पळाला होता. उरलं होतं नुसतं पाठवणारं यंत्र, म्हणजे आबा, आणि त्या यंत्रात कालचा, परवाचा, वर्षभराचा संदेश भरलेला होता. मार्ग उत्तम, गोंगाट शून्य. आकृती पूर्ण दिसत होती, पण पहिला चौकोन रिकामा.

शॅननची दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे, असं मला वाटतं. त्याच्या हिशेबात जे वाक्य येणारच हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, त्यात माहिती जवळजवळ नसते. ‘गेट बंद आहे’ हे मी रोज ऐकतो. ‘उघडं आहे’ असं कुणी म्हणाल्याचं आठवत नाही. म्हणजे ते ऐकून मला नवं काहीच कळत नाही. शंभरांतली कुठलीही एक संख्या मात्र आधी ओळखता येत नाही. पॉइंट्समननं मोबाइलवर काढलं, तिच्यातली माहिती साडेसहा बिटांच्या वर जाते; बिट म्हणजे माहितीचं माप. त्या संख्येला स्वतःचा काही अर्थ नाही. सवयीनं बोलता येत नाही, एवढाच तिचा गुण. शॅननच्या निबंधात सुरुवातीलाच म्हटलंय की अर्थाच्या बाजूचा अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी संबंध नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं.

पॉइंट्समन मात्र श्रॅमच्या बाजूचा. श्रॅमनं 1954 साली प्रेषक आणि ग्राहक यांच्या अनुभवांची दोन वर्तुळं काढली; ती जिथं एकमेकांवर येतात तेवढंच पोचतं. पॉइंट्समनचं म्हणणं, आबांना ‘गेट बंद’ हे स्टेशनच्या फोनला द्यायचं उत्तर वाटत होतं, जसं ‘रामराम’ला ‘रामराम’. मला ते गेटचं वर्णन वाटत होतं. बरोबर आहे त्याचं. मग तो हसून म्हणाला, “आणि साहेब, वृत्तपत्रांच्या अभ्यासात गेटकीपर नावाचा सिद्धांतच आहे, कुठली बातमी आत घ्यायची ते ठरवणारा तो गेटकीपर. 1950 सालच्या त्या अभ्यासातल्या संपादकाला मिस्टर गेट्स म्हटलंय.” तो परीक्षेला आला तर उदाहरण म्हणून आबा लिही, असं मी त्याला सांगितलं.

एक गोष्ट आम्ही दोघांनीही जरा टाळली. गेटमनचा तक्ता माझ्याकडे नसतो. त्यानं सांगितलेला नंबर खरा की खोटा, हे मला त्या क्षणी कळायला मार्ग नाही. तपासणीत दोन रजिस्टरं समोरासमोर ठेवली की कळतं. आबांनी ‘बावन्न’ असं ठोकून दिलं असतं, तर मी आवाजावरून शंका घेतली असती का? रात्रभराच्या जागरणानंतर? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कागद माझ्याकडे नाही, म्हणून ते तिथंच थांबलं. शिवाय काही ठिकाणी गेटमन गर्दीला कंटाळून नंबर आधी देतात आणि गेट मागाहून लावतात, हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक आहे. खऱ्या नंबरावरूनही एवढंच कळतं की बोलणारा बोलायचा अधिकार असलेला माणूस आहे. गेटचा दांडा खाली आलाय का, हे नंबर सांगत नाही. त्यासाठी इंटरलॉकिंग लागतं. गेटला कुलूप पडल्याशिवाय सिग्नल उतरतच नाही, कुणी कुणाशी काही बोलो न बोलो.

आबांना नंतर गेटमननं फोनला हात लावायची बंदी केली. ते चिडले. “मी काय खोटं बोललो? रोजचंच बोललो.” आता त्या गेटच्या जागी भुयारी मार्ग होणार आहे, मोजणीवाले येऊन खुणा करून गेलेत. पावसाळ्यात त्यात कमरेइतकं पाणी साचणार, असं आबांनी गेटमनला, मोजणीवाल्यांना आणि मला सांगून ठेवलंय. या बाबतीत मी त्यांच्याकडे नंबर मागितलेला नाही.