तिसरं कडवं गाळायचं नाही

नाताळची धामधूम ओसरली की जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचं, भजन संमेलन असे. ठाण्यात चर्चच्या आवारात मंडप पडे. कळवा, ऐरोली, डोंबिवलीहून माणसं येत. सकाळची उपासना आटोपली की सतरंजीवर पेटी-तबला मांडला जाई आणि प्रीतिभोजनाची हाक येईपर्यंत कुणी जागचं हलत नसे. बहुतेक घरं मूळची नगरकडची; कुणी वागळे इस्टेटला कारखान्यात, कुणी रेल्वेत, कितीतरी जणी नर्स. महिला मंडळ, तरुण संघ, शब्बाथशाळेची (चर्चमधल्या रविवारच्या शाळेची) पोरं, सगळ्यांची आळीपाळीनं भजनं. स्पर्धा नावालाच. स्टीलचा डबा प्रत्येकाला मिळायचा.

पण माझा जीव अडकलाय तो तालमींत. तालमी घेणारे गुरुजी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा दंडक असा, की आधी गीत वाचायचं, मग गायचं. तोवर पेटीला हात लावायचा नाही. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडून एकेकानं एकेक कडवं मोठ्यानं वाचायचं आणि सांगायचं, इथं आपण कुणाशी बोलतोय? पित्याशी, पुत्राशी की पवित्र आत्म्याशी? आणि काय मागतोय?

एका वर्षी कार्यक्रम लांबणार असं दिसलं, तेव्हा कुणीतरी सुचवलं, प्रत्येक गीताचं तिसरं कडवं सोडून देऊ. गुरुजींनी झांज खाली ठेवली. “पहिल्यात पिता आहे, दुसऱ्यात पुत्र, तिसऱ्यात आत्मा. तिसरं गाळलं तर उरतं काय, सांगा बघू? वेळ वाचवायचाय ना, मग आलाप कमी करा.” त्या वर्षी आलाप कमी झाले, कडवी सगळी गायली गेली. त्रैक्यावरची प्रवचनं मी पुढे पुष्कळ ऐकली, पण एक देव आणि तीन व्यक्ती हे माझ्या मनात बसलं ते त्या सतरंजीवर.

गाण्याची ही ताकद चर्चला फार आधीपासून ठाऊक आहे. पुत्र हा निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही, ही शिकवण चौथ्या शतकात आरियस नावाच्या धर्मगुरूनं पद्यातूनही पसरवली. ३२५ साली निकिया इथं भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं ती नाकारली, तरी वाद शमला नाही. सीरियात एफ्राईम या संतकवीनं चुकीच्या शिकवणीला गीतांनीच उत्तर दिलं आणि ती गीतं स्त्रियांच्या तोंडी बसवली. मिलानला ३८६च्या सुमारास तिथले बिशप अँब्रोज यांनी ख्रिस्ताचं देवत्व गाणारी गीतं लोकांना शिकवली. वादविवाद विद्वानांपुरते राहतात; चाल लागली की तीच गोष्ट चुलीपाशी पोहोचते.

आपल्याकडे हे काम कवी ना. वा. टिळकांनी केलं. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या गीतांत ख्रिस्त राजा आहे, तारणारा आहे, पण त्याहून जवळ म्हणजे आई आहे, गुरू आहे. परक्या चालीवर ओढूनताणून बसवलेल्या भाषांतरात हा ख्रिस्त सापडणं कठीण होतं. तो अभंगात आला. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. देव रागावतो का, असं विचारलं की ती शास्त्रवचन सांगत नसे, अभंगाचा चरण म्हणायची आणि पदर सावरून पुन्हा भाकरी थापायला बसायची. देव आईसारखा आहे, हा तिचा धर्मसिद्धांत होता आणि तो तिनं गाऊनच मिळवला होता.

पुढे संमेलनात गिटार आली, ड्रम आले, पडद्यावर ओळी दिसू लागल्या. मला त्याचं वावडं नाही. तरुण संघाची पोरं जीव ओतून गातात. माझी काळजी वेगळीच आहे. नव्या गीतांत विजय भरपूर, आशीर्वाद भरपूर, ‘मी’ आणि ‘माझा’ भरपूर. ‘आम्ही’ क्वचित, आणि रडू जवळजवळ नाहीच. बायबलमधल्या १५० स्तोत्रांत विलाप किती आहेत! ८८वं तर अंधारातच संपतं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते २२व्या स्तोत्रातलं पहिलं वाक्य, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?”

एका संमेलनाच्या आधी काही महिने मंडळीतला एक तरुण मुलगा गेला होता. त्याची आई महिला मंडळात झांज वाजवायची. त्या दिवशी ओळीनं आनंदाची गीतं चालली होती. ती उठली आणि म्हणाली, “मला गाता येईल असं काहीतरी घ्या.” पेटीवाल्या बाईंनी पुस्तक चाळून शोकाचं गीत काढलं. जवळजवळ सगळ्यांना ते पाठ होतं. ती शेवटपर्यंत गायली. ज्या मंडळीकडे असं गीतच नसेल, तिथं अशा आईनं काय करायचं? देव फक्त सुखातल्यांचा आहे, असंच ती समजेल, आणि तसं तिला कुणी सांगितलेलंही नसेल.

यंदा गीतं निवडायचं काम तरुण संघाकडे आहे. त्यातल्या एका मुलीनं स्वतः अभंग रचलाय, विषय २२वं स्तोत्र. गिटारवर बसवणार आहेत म्हणे. मी एवढंच सांगून आलेय, की आधी वाचा, कुणाशी बोलताय ते ठरवा, आणि एकही कडवं गाळू नका. रविवारी उपासनेनंतर तालीम आहे, पेटीवर मी बसणार आहे.