टाकी भरेपर्यंत

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी नळ खाकरला. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. आधी नुसती हवा, फुस्स करून. मग दोन-चार गुळण्या, थोडं गढूळ पाणी आणि नंतर धार. घरात पाच माणसं झोपलेली, पण उठायचं कुणी हे कधीच ठरून गेलंय. मी उठते. घरच्यांना वाटतं, बिचारी सगळ्यांसाठी झोपमोड करते. त्यांचा हा गैरसमज मी आजवर दूर केलेला नाही. उशाखालचं पुस्तक काढायचं, चष्मा घ्यायचा, मागच्या दाराचा दिवा लावायचा आणि हौदाच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसायचं.

आमच्या भागात पाणी चार दिवसांआड येतं. पाइपलाइन फुटली की पाच दिवसांआड. वेळ चावीवाल्यालाच माहीत. पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही. लग्नाच्या तारखासुद्धा आम्ही पाण्याचा दिवस बघून काढतो. तर हिशेब असा. हौद भरायला पन्नास मिनिटं. मग मोटार लावून वरची 1000 लिटरची टाकी भरायला 25. मी एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. सव्वा तासात माझी साधारण साठ पानं होतात. महिन्यातून सहा वेळा पाणी. म्हणजे एक जाडजूड कादंबरी नुसती पाण्यावर निघते.

बाकीच्या दिवसाचं काही खरं नसतं. सकाळी दोन डबे, मग तिसरा, मग माझा. पोरगा सहावीत, त्याला सायन्सची वही नेमकी आठ वाजता सापडत नाही. धाकटी दुसरीत, तिला वेणी दोनदा घालावी लागते, कारण पहिली ‘टोचते’. नऊ वाजता अक्कलकोट रोडला एमआयडीसीत. संध्याकाळी परत आलं की पोराची ट्यूशन, धाकटीचा कथक, दोन्ही विरुद्ध दिशांना. या मधल्या जागांत जे मिळेल ते. ट्यूशनच्या गल्लीत स्कूटी स्टँडला लावून सीटवर बसलं की पंधरा मिनिटं मिळतात, पण तिथं बाकीच्या आयाही असतात. पुस्तक उघडलेल्या बाईशी लोक जास्तच बोलतात असा माझा अनुभव आहे. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या बाईला मात्र कुणी हाक मारत नाही. त्यामुळे मध्यंतरी मी कादंबरी मोबाइलवर वाचून पाहिली. जमलं नाही. नायिका विहिरीच्या काठावर उभी आणि वरून ‘उद्या सगळ्यांनी पांढरा सदरा घालून यावे’ असा शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज टपकतो. ऑडिओ पुस्तकही लावून बघितलं, भाकऱ्या करताना. भाकरी थापायच्या आवाजात अर्धा संवाद गेला. आवाज वाढवायला पिठाचा हात मोबाइलला लावला, तर गोष्ट थेट तीन प्रकरणं पुढं. तोवर म्हातारा मेलेला होता. कसा, ते अजून कळलेलं नाही.

खूण म्हणून मी कारखान्यातलं विणलेलं लेबल वापरते, टॉवेलाच्या कडेला शिवतात ते. बोटाएवढं, गुळगुळीत. एका बाजूला ‘100% कॉटन’ आणि दुसऱ्या बाजूला धुण्याच्या सूचना. पान दुमडणाऱ्या माणसाबद्दल माझं मत फार वाईट आहे, ते इथं लिहीत नाही. लेबल पानात ठेवताना ज्या ओळीवर थांबले त्या ओळीला त्याची वरची कड लावायची. एवढं करूनही परत उघडल्यावर मी दोन पानं मागं जाते. मधल्या चार दिवसांत जीएसटी, तापाचं औषध आणि गॅसचा नंबर यांच्या गर्दीत त्या माणसांची नावं पुसट झालेली असतात. दोन पानं मागं गेलं की एकेक जण ओळख दाखवायला लागतो. अरे हो, हा तो दिरांचा मित्र. ही ती, जिची पत्रं सापडली.

पुस्तकं बहुतेक वाचनालयातली. लहानपणी वडील मला सायकलच्या नळीवर बसवून हिराचंद नेमचंद वाचनालयात न्यायचे. त्यांचं काम वर्तमानपत्रं वाचायचं आणि माझं काम गप्प बसायचं. गप्प बसायला म्हणून हातात गोष्टीचं पुस्तक मिळालं, ते आजतागायत सुटलेलं नाही. घरी आल्यावर उरलेलं पुस्तक रात्री चादरीत शिरून, बॅटरी लावून वाचायचं. सोलापुरी चादरीची जाहिरात करणारे तिचा टिकाऊपणा सांगतात, रंग सांगतात, मोराची नक्षी दाखवतात. आतला उजेड ती बाहेर येऊ देत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण कुणी सांगत नाही. थंडीतच काय तो हा उद्योग चालायचा. मे महिन्यात पारा 43-44 वर गेल्यावर चादरीत शिरणाऱ्याला वाचनाची नाही, डॉक्टरची गरज आहे असं आई म्हणायची.

वाचनालयाच्या पुस्तकात आपण एकटे नसतो, हे मला आवडतं. आता वाचतेय त्या रहस्यकथेच्या 112 व्या पानावर तेलाचा तांबूस ठसा आहे. तो शेंगाचटणीचा आहे हे सांगायला मला प्रयोगशाळा लागत नाही. उखळात कुटून तेल सुटलेली अस्सल चटणी. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी डाव्या हातात पुस्तक आणि उजव्या हातात कडक भाकरी धरून इथवर आलं होतं, आणि इथं अशी काही ओळ आली की घास धरलेल्याच हातानं पान उलटलं. मी ती ओळ शोधली. सापडली. माझाही हात गेला असता. त्यापुढं पान 140 ला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, ‘माळ्यावर लक्ष ठेवा’. अशा माणसाचं कार्ड जप्त करावं. तेव्हापासून तो माळी साधी पाण्याची झारी उचलतो तरी माझ्या पोटात गोळा येतो.

‘त्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं वाच की,’ असं मला ऑफिसात सांगितलं जातं. वाढदिवसाला पुस्तकं मिळतात ती श्रीमंत कसं व्हावं, पहाटे किती वाजता उठावं अशी. पहाटे उठण्यावर मला पुस्तक देणाऱ्यांकडं बहुधा रोज पाणी येत असावं. कादंबरीचा उपयोग काय, हे मला खरंच सांगता येत नाही. एवढंच सांगते, की कादंबरीतल्या घरात दूध उतू गेलं तर मला उठावं लागत नाही. तिथला मुलगा नापास झाला, सासरा आजारी पडला, घरावर जप्ती आली, तरी मी कट्ट्यावर बसूनच. जीव तुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, पण फोन मला लावायचा नसतो. दिवसभर ज्या बाईकडं सगळे ‘आता काय करायचं?’ म्हणून बघतात, तिला हे केवढं मोठं सुख आहे ते पहाटे उठवणाऱ्यांना कळायचं नाही.

सासूबाईंचं मात्र निराळं. त्या अक्कलकोटकडच्या, बोलताना अर्धं कानडी येतं. एकेकाळी हातात येईल ते वाचायच्या, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षर त्यांना टोचतं. मग रविवारी शेंगा फोडायला बसलो की विचारतात, “काय झालं गं पुढं?” मी गेल्या दोन पाण्यांत वाचलेलं सांगते. सांगताना थोडं माझंही घालते, त्याला इलाज नाही. त्या मध्येच शेंग दाबून म्हणतात, “त्या बाईनं घर सोडायला नको होतं.” जणू ती बाई गेल्या वर्षी हुरड्याला आमच्याकडं आली होती. एकदा एका कादंबरीतल्या नवऱ्याला त्यांनी इतकं झोडपलं, की शेजारी पेपर वाचत बसलेले आमचे हे दचकून म्हणाले, “मी काय केलं?”

सासूबाई रविवारची वाट बघतात, त्यात मला काही नवं वाटत नाही. मराठी कादंबरी वाढलीच अशी. 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येत होती. त्या काळच्या वाचकाला यमूचं पुढं काय होतं ते कळायला पुढच्या अंकाची वाट बघावी लागे. मधल्या दिवसांत त्यालाही दळण, दुखणी, पाहुणे असणारच. सलग बसून, एका दमात पुस्तक संपवणारे लोक मला हल्ली जरा उतावळे वाटतात. (हे द्राक्षं आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याचं बोलणं आहे, कबूल.)

पण सलग वेळ मिळाला तर काय होतं, तेही एकदा बघून झालंय. मागं ऑफिसच्या कामाला पुण्याला जायचं होतं, एकटीनं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, खिडकीची जागा, चार तास. ना डबा, ना वेणी, ना नळ. आठवडाभर मी त्या चार तासांची वाट बघत होते आणि पिशवीत एक नाही, दोन पुस्तकं घेतली होती. मोहोळपर्यंत शेजारणीचं बोलणं ऐकलं. कुर्डुवाडीला चहा घेतला. पुस्तक उघडलं, तर दर पाच मिनिटांनी मान आपोआप वर. कुणी हाक मारली का? कुणीच नाही. भिगवणच्या आसपास उजनीचा फुगवटा दिसायला लागला, पसरलेलं, चकाकणारं पाणी. बघतच राहिले. शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून येऊन मध्यरात्री माझ्या हौदात पडतं ते हेच. त्याला दिवसाउजेडी पहिल्यांदाच भेटल्यासारखं वाटलं. पुणं आलं तेव्हा अकरा पानं झाली होती. माझ्या वाचनाला आता मोटारीची घरघर लागते, आणि कुणीतरी कधीही उठेल ही भीतीही.

पोरं वाचतात का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. धाकटी वाचून घेते. रोज एकच गोष्ट, त्यात एक शब्द बदललेला तिला चालत नाही. पोरगा वाचत नाही. त्याला क्रिकेटचे सगळे आकडे पाठ आहेत आणि गोष्टी म्हणजे ‘थापा’ असं त्याचं मत आहे. मी जबरदस्ती करत नाही. माझ्यावर कुणी केली नव्हती. जानेवारीत घरचे सगळे गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायला जातात, तेव्हा मला नेमकी गुडघेदुखी सुरू होते. होम मैदानावरून ते परत येईपर्यंत ती राहते. गेल्या संक्रांतीला पोरगा निघता निघता दारातून म्हणाला, “आई, गुडघा कितव्या पानावर दुखायलाय?” न वाचणाऱ्या पोराची नजर बरी असते.

दिवाळी अंकांची तऱ्हा तीच. 1909 मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून लोक ते दिवाळीत वाचत असतील. माझे होळीपर्यंत पुरतात.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या मे महिन्यात, रात्री अडीचच्या सुमारास, मोटार लावून मी एका खटल्याच्या सुनावणीत बसले होते. साक्षीदार फुटणार हे मला कळलं होतं, वकिलाला कळलं नव्हतं. टाकी भरून वाहायला लागली त्याचा आवाज मला आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, कादंबरीतच पाऊस पडतोय. उकाड्यामुळं समोरचे काका बोळात बाज टाकून झोपायचे. आमच्या गच्चीचा पन्हाळा नेमका त्या बाजेवर. काका ‘पाऊस आला, पाऊस आला’ करत गादी गुंडाळून उठले, दोन घरं जागी झाली, कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढायला धावलं. वर बघतात तर चांदणं. समोरच्या अक्का तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि मोठ्यानं हसल्या. तेवढ्यावर निभावलं. पण सोलापुरात भांडण, उधारी, सगळं माफ होतं. पाणी वाया घालवणं होत नाही. चार दिवस मी खाली मान घालून गल्लीतून गेले. त्या रात्रीपासून सासूबाई आतून विचारतात.

आजही तेच. हौद भरला. मोटार लावली. माळ्याला पोलिसांनी धरलाय, पण मला ते पटत नाहीये. सासूबाईंनी रविवारीच सांगून टाकलंय की हे धाकट्या जावेचं काम, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. लेबल मी केव्हाच काढून कानामागं खोचलंय. वर टाकीत पाण्याचा आवाज बदलला. खोलातला घुमणारा आवाज जाऊन आता काठाशी आल्यासारखा. तीन पानं राहिली होती.

आतून हाक आली, “भरली का गं टाकी?”

“थोडी राहिलीय, आई.”

जरा वेळ काहीच नाही. मग खाट करकरली.

“किती पानं?”

“तीन.”

“मोटार तरी बंद कर मग.”