जोर कुठे बसलाय?

कोल्हापुरात माझा हायड्रोलिक जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने रॉड आतबाहेर करणारे सिलिंडर, दुरुस्तीचा छोटा कारखाना आहे. बॅकहो, टिपर, ट्रॅक्टरची ट्रॉली, सगळ्यांचे जॅक येतात. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायला सांगितलंत, तर मी त्याच कामाबद्दल लिहितो. कारण ते काम मला शाळेच्या वर्कशॉपने दिलं.

जॅकमधून तेल गळू लागलं की सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेलं हे गिऱ्हाइकालाही कळतं. सील किट बदलणं अवघड नाही. अडतं ते सीलपर्यंत पोचताना. जॅकच्या तोंडाशी ग्लँड, म्हणजे मध्ये भोक असलेलं जाड बूच, असतो, त्यातून रॉड आतबाहेर होतो आणि सील, धूळ अडवणारा वायपर त्यातच बसतात. हा ग्लँड बाहेर येऊ नये म्हणून बऱ्याच जॅकमध्ये बॅरलच्या, म्हणजे बाहेरच्या नळकांड्याच्या, आतल्या खाचेत स्प्रिंग स्टीलचं लॉक बसवलेलं असतं. दोन पावसाळे गेले की ते असं धरतं की प्लायरचं टोक वाकेल, पण लॉक हलणार नाही.

आमचे वर्कशॉपचे सर अशा वेळी हातोडी उचलू देत नसत. व्हाइसमध्ये जॉब अडकला, नट फिरेना, की त्यांचा एकच प्रश्न असे, "आधी सांग, जोर कुठे बसलाय?" उत्तर देईपर्यंत पुढचं काम बंद. तेव्हा या प्रश्नाचा फार राग यायचा.

विज्ञानाच्या बाईंनी पास्कलचा नियम शिकवला, कोंडलेल्या द्रवात दाब सगळीकडे सारखा पोचतो, आणि जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. आज तो रोज लागतो. ८० मिलिमीटर बोअर, म्हणजे बॅरलचा आतला व्यास, आणि २०० बार (बार हे दाबाचं माप) दाब धरा. रॉड पूर्ण बाहेर येऊन टेकला की ग्लँडवर दहा टनांच्या आसपास जोर येतो. तो सगळा त्या बारीक लॉकने झेलायचा. म्हणून ग्लँड लॉकला घट्ट चिकटून बसतो, त्यात गंज आणि रंग भरतो. बहुतेक वेळा लॉक स्वतः अडलेलं नसतं, मागून ग्लँडने दाबून धरलेलं असतं.

म्हणजे ग्लँड बाहेर काढायचा असेल तर आधी तो आत ढकलायला हवा. मशीनवरून उतरवताना दाब सोडलेला असतोच, तरी तेल आतबाहेर जायची दोन्ही तोंडं, म्हणजे पोर्ट, उघडे आहेत ना ते पुन्हा बघायचं. आत तेल कोंडलेलं असेल तर ग्लँड जागचा हलणार नाही. बॅरलचं तोंड वायर ब्रशने स्वच्छ करून गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी नायलॉनचा जाड तुकडा ग्लँडवर ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोकायचं, एकाच बाजूला नाही, नाहीतर ग्लँड तिरका होऊन जाम बसतो. तांबूस भुकटी झडते, ठोक्याचा आवाज बदलतो आणि ग्लँड तीन-चार मिलिमीटर आत सरकतो. मग लॉक बोटानेही फिरतं. काही बॅरलना बाहेरून बारीक भोक असतं, त्यातून पिन घालून लॉकचं टोक खाचेतून उचलायचं. डोळ्यांवर गॉगल आणि बॅरलच्या तोंडावर फडकं हवंच, स्प्रिंग स्टील सुटलं की गोळीसारखं जातं.

मागे एक जॅक आला, त्याच्या लॉकवर आधी कुणीतरी छिन्नी चालवली होती. लॉक तसंच आत आणि खाचेची कड मात्र चेचून गेलेली. दोनशे रुपयांच्या लॉकसाठी बॅरल जायची वेळ आली होती, हे पाहून मला खरंच वाईट वाटलं.

आणखी दोन गोष्टी इथे शिकणाऱ्या मुलांसाठी मुद्दाम सांगतो. ग्लँड निघत नाही म्हणून पोर्टमधून कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नका. वर सांगितलेल्या बोअरमध्ये सात बार हवेनेही पिस्टनवर (रॉडच्या आतल्या टोकाच्या दट्ट्यावर) साडेतीनशे किलोंचा जोर येतो, आणि ग्लँड सुटला की समोरच्याला वाचवता येत नाही. तेलाच्या बंद जॅकला गॅसची ज्योत लावणं त्याहून भयंकर.

लॉक निघालं तरी घाई नको. रिकाम्या खाचेच्या कडेची बारीक बर, म्हणजे धातूची टोचरी किनार, ऑइल स्टोनने काढायची, नाहीतर नवं सील घालताना तिथेच कापतं. मग तोच जॅक पंधरा दिवसांत पुन्हा गळत येतो आणि दोष सीलला लागतो. जोडताना लॉक नवंच घालावं. लॉक सर्क्लिपचं, म्हणजे चपट्या कडीचं, असेल तर तिची एक कड धारदार असते, एक गोलसर. धारदार कड जोर येतो त्याच्या उलट बाजूला, म्हणजे खाचेच्या भिंतीला टेकली पाहिजे. हे बघायला फक्त नखाने चाचपावं लागतं.

शाळेचं वर्कशॉप अजून चालू आहे, याचा मला फार आनंद आहे. ते बंद करू नका, अशी संस्थेला कळकळीची विनंती. माझ्याकडे निकामी झालेलं एक चांगलं बॅरल आहे. ते उभं कापून, ग्लँड, लॉक, पिस्टन आत ठेवून, आतलं सगळं दिसेल असा नमुना तयार करतोय. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वर्कशॉपमध्ये बसवून देईन. नववीच्या मुलांना पहिल्यांदा दाखवायला मी स्वतः येईन.