मिनेवॉन्का तलाव: चार माणसं, एक स्प्रे आणि लवकरची वेळ

कॅनडातल्या कॅल्गरीहून बॅन्फ हे डोंगरातलं गाव साधारण 130 किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. गावाच्या अलीकडेच मिनेवॉन्काचा फाटा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये साडेनऊनंतर तिथे गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही. पार्किंग भरलेलं असतं आणि परत फिरावं लागतं. त्यापेक्षा गाडी बॅन्फ गावात लावून 'रोम' (Roam) या स्थानिक बससेवेची उन्हाळ्यातली सहा नंबरची बस पकडावी, ती थेट काठावर सोडते. बसने गेलात तरी बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाचा पास लागतोच.

तलावाचं नाव इथल्या मूळच्या स्टोनी नाकोडा लोकांच्या बोलीतलं. ते त्याला 'मिन्न-वाकी' म्हणत, म्हणजे आत्म्यांचं पाणी. गोऱ्यांनी त्याचं सरळ 'सैतानाचं तळं' करून टाकलं. आजचं नाव आलं ते 1888 साली. आज दिसतं ते पाणी मात्र अर्धंमुर्धं धरणाचं आहे. 1941 च्या धरणाने पातळी सुमारे 30 मीटर चढली आणि काठावरचं मिनेवॉन्का लँडिंग हे सुट्टीचं गाव पाण्याखाली गेलं. पाणबुडे ते पाहायला आजही उतरतात. पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं असतं, त्यामुळे ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारा पोशाख) आणि थंड पाण्यात उतरण्याचा सराव नसेल तर तो नाद नको.

धक्क्याजवळ फोटो काढून परतणारेच जास्त. खरी मजा उत्तर काठाच्या पायवाटेवर आहे. स्ट्युअर्ट कॅन्यन या घळीवरचा लाकडी पूल सुमारे दीड किलोमीटरवर, वाट जवळपास सपाट. भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन इथवर सहज जाता येतं. पुढे एलएम-8 हा तंबूंचा तळ 7.8 किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण दिवस. तिथून एल्मर लुकआउट या उंचावरच्या जागी चढायचं तर पोटऱ्यांची परीक्षाच.

पुलापलीकडचा नियम नीट समजून घ्या. 10 जुलै ते 15 सप्टेंबर या काळात किमान चार जणांचा गट लागतो, तोही एकमेकांना चिकटून चालणारा, आणि अस्वलाचा स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर त्याच्यावर मारायचा तिखट फवारा, सक्तीचा. या दिवसांत सायकलला बंदी. कारण साधं आहे: उत्तर काठाचा उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऊन भरपूर, तिथे बफेलोबेरीची रानफळं लगडतात आणि ग्रिझली अस्वलं तिथेच चरत बसतात. दोघंच असाल तर पुलाशी थांबून आणखी दोघांची वाट बघा. चार जण जमले तरी दोन पुढे आणि दोन शंभर पावलं मागे, असं चालू नका.

स्प्रे विमानातून नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही. तो बॅन्फमध्ये विकत किंवा भाड्याने घ्यावा. सॅकच्या तळाशी असलेला स्प्रे म्हणजे नसल्यासारखाच. तो पट्ट्याला लावा आणि अंगठ्याने सेफ्टी क्लिप मागे ओढायचा सराव निघण्याआधीच करा, पण फवारा न मारता. वारा तोंडावर असेल तर ढग आपल्याच डोळ्यांत येतो. अस्वलाला अचानक गाठू नये म्हणून वळणांवर मोठ्याने बोलत राहा. गप्पांची सवय इथे कामी येते.

चिवडा, फरसाण, थेपले बाकावर उघडे टाकून फोटोला जाऊ नका. खारूताया पिशवी पळवतात, आणि वासाने मोठे पाहुणे येतात ते वेगळंच. कचरापेटीचं झाकण उघडत नाही म्हणून पिशवी बाहेर ठेवणारेही दिसतात. पेटीवरच्या आडोशाखाली बोटं घालून आतली खिट्टी दाबायची, मग झाकण वर येतं.

होडी वल्हवायची तर सकाळीच. दुपारी वारा सुटला की एवढ्या लांब तलावावर लाटा पटकन उठतात. काठ सोडू नका. नवशिक्यांनी जवळच्या टू जॅक तलावावर जावं, तो लहान आणि तुलनेने शांत. स्वतःची होडी, फुगवायची असली तरी, आधी धुऊन, निथळवून, पूर्ण वाळवलेली हवी आणि उद्यानाचा परवाना हवा. 2016 साली जवळच्याच जॉन्सन तलावात ओल्या होड्या-सामानातूनही पसरू शकणारा माशांचा व्हर्लिंग रोग सापडला, कॅनडात पहिल्यांदाच. तेव्हापासून इथे ढिलाई चालत नाही.

जुलैतही पहाटे दात वाजतात, तेव्हा एक गरम जॅकेट आणि वारारोधक थर जवळ असू द्या. परतीच्या बसला दुपारनंतर रांग लागते आणि पहिली बस भरून गेली तर पुढचीची वाट बघावी लागते. कॅल्गरीची संध्याकाळची विमानं असणाऱ्यांनी तासभर हातचा ठेवावा.